दार्जिलिंगमध्ये आकाराला आलेलं चिनी स्वप्न

१८९८ मध्ये तरुण सम्राट ग्वांगश्यूच्या पाठिंब्यानं विचारवंत कांग योवेई यांनी चीनमध्ये सुधारणांचा धडाका लावला. जेमतेम शंभर दिवसांत राजमाता त्सिशीनं तो मोडून काढला. सहा सुधारकांचा शिरच्छेद झाला, कांग परागंदा झाले आणि पुढे काही काळ चक्क आपल्या दार्जिलिंगमध्ये राहिले. तिथेच १९०२ च्या सुमारास त्यांचा ‘दातोंग शू’ (‘महान एकते’चा ग्रंथ) हा ग्रंथ आकाराला आला.

कांग यांच्या मते माणसाच्या दुःखाचं मूळ भेदांच्या भिंतींत आहे. राष्ट्र, वर्ग, वंश, स्त्री-पुरुष, कुटुंब, खासगी मालमत्ता या सगळ्या भिंती पाडायच्या आणि साऱ्या जगाचं एकच सरकार उभारायचं. लग्न म्हणजे ठरावीक मुदतीचा करार: कमीत कमी एक महिना, जास्तीत जास्त एक वर्ष, पटलं तर नूतनीकरण! मुलं सार्वजनिक संगोपनगृहांत वाढणार, म्हाताऱ्यांची काळजीही समाजच घेणार. आणि हे लिहिणारा माणूस कन्फ्यूशियसचा कट्टर अनुयायी!

ग्रंथाला एक काळी बाजूही आहे. वंशभेद मिटवायचा म्हणजे कृष्णवर्णीयांनी ‘गोरं’ व्हायचं, ही कांग यांची कल्पना उघड वंशवादी होती. तिचं समर्थन होऊच शकत नाही.

संपूर्ण ग्रंथ छापला गेला तो कांग यांच्या मृत्यूनंतर, १९३५ मध्ये. १९४९ मध्ये माओंनी लिहिलं की, कांग यांना दातोंगपर्यंत नेणारी वाट सापडली नाही. पुढे चीनचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ यांनी ‘सुसंवादी समाजा’ची घोषणा दिली, पण कांग यांच्याइतकं धाडसी चित्र नंतरच्या कुठल्याच नेत्यानं रेखाटलं नाही.