‘जपून’ म्हणजे नेमके कसे?

“डॉक्टर, तुम्हीच म्हणाला होतात ना, जपून खा म्हणून?” हाताला सलाईन असतानाच आजींनी मला विचारले. मला चटकन उत्तर सुचेना.

तासाभरापूर्वी सुनेने त्यांना रिक्षातून आणले तेव्हा अंग घामाने भिजलेले, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. रक्तातली साखर फक्त ४२! ती ७० च्या खाली गेली की धोका. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर थोड्याच वेळात आजी माणसे ओळखू लागल्या. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी त्यांनी नेमाने घेतली होती. पोटात मात्र रात्रीची अर्धी भाकरी आणि सकाळचा बिनसाखरेचा चहा. पंधरा दिवस त्या ‘जपून’ खात होत्या.

मला म्हणायचे होते, काय खाता ते पाहून खा. त्यांनी अर्थ घेतला, कमी खा. त्यांचे काय चुकले? चिखलातून जपून चाल म्हणजे तोल सांभाळून. चालूच नको असे नव्हे. दागिना जपून ठेव म्हणजे कडीकुलपात. पण पैसे, तेल, पाणी जपून वापर म्हणजे थोडे थोडे, पुरवून पुरवून. जे वापरले की संपते, तिथे आपल्या घरांत या शब्दाचा अर्थ काटकसर असाच होतो. रक्तदाबाच्या गोळ्या ‘जपून घेतो’ म्हणणारे माझे एक पेशंट एक दिवसाआड गोळी घेत होते, हे मला असेच उशिरा कळले!

तेव्हा मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी जेवण चुकवू नये. उपवास करायचा तर आधी विचारावे. घाम, थरथर, एकाएकी कडकडून भूक, बरळणे असे काही दिसले आणि माणूस शुद्धीवर असेल, तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, श्वासनलिकेत जाते. तडक दवाखाना गाठावा. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावेच. या गोळीचा अंमल बराच काळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते. आजींनाही मी त्यासाठीच रात्रभर ठेवून घेतले.

सकाळी जाताना त्या म्हणाल्या, “आता आकड्यात सांगा बाई, भाकऱ्या किती?” मी गोळी कमी केली आणि चिठ्ठीवर नाश्ता, दोन्ही वेळची भाकरी, भाजी, डाळ असे सगळे वेळेसकट लिहून दिले.