ताल धरताना मूल दिसावं

तेरमध्ये, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या गावात, गोरोबाकाकांची गोष्ट सांगायला कुणाला पुस्तक उघडावं लागत नाही. विठ्ठलनामात रंगून चिखल तुडवणारे गोरोबा, रांगत आलेलं मूल आणि पायाखाली काय आलं याचं हरपलेलं भान. सातशे वर्षं ही कथा भक्तीची म्हणून सांगितली जाते आणि शेवटी पांडुरंग मूल परत देतो, म्हणून ऐकवते. पण लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार करताना ती मला वेगळ्या जागी अडवते. गाणं होतं, ताल होता, माती होती, पाय चालत होते. मूल तेवढं कुणाला दिसलं नाही. आपल्या अंगणवाड्या-बालवाड्यांत गाण्या-नाचाचं जे चाललं आहे, त्याबद्दल मला हेच म्हणायचं आहे.

ताल मुलाला कानाआधी अंगातून कळतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 साली सात महिन्यांच्या बाळांना एकच सपाट ठेका ऐकवला. काहींना दर दुसऱ्या ठोक्याला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. पुढे ज्याला जसं झुलवलं होतं, तशाच वजनाचा ठेका त्याने जास्त वेळ ऐकला. दुसऱ्याला झुलताना नुसतं पाहणाऱ्या बाळांत मात्र हा फरक पडला नाही. मांडीवर बाळ घेऊन ओवी म्हणणारी आजी हेच करत आली. जर्मनीत 2009 साली झालेला एक प्रयोग आमच्या अंगणवाड्यांच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे: अडीच ते साडेचार वर्षांची मुलं यंत्राच्या किंवा स्पीकरच्या ठेक्यापेक्षा समोर बसून वाजवणाऱ्या माणसाबरोबर ताल अधिक नीट धरतात.

तेरला असं वाजवणारं माणूस शोधावं लागत नाही. हरिपाठाची पावली घ्या. समोरासमोर दोन रांगा, हातात टाळ, पाऊल पुढे, पाऊल मागे. मृदंग थांबला की थांबायचं. चार वर्षांच्या मुलाला यात सगळ्यांत अवघड काय जातं, तर थांबणं. उचललेला पाय आवरणं, शेजारच्याची वाट पाहणं, मग सगळ्यांसोबत निघणं. वर्गात ‘गप्प बसा’ म्हणून जे साधत नाही, ते इथे आनंदाने साधतं. पंचमीचे फेर, फुगडी, झोक्यावरची गाणी यांतूनही तोल, डावं-उजवं आणि मोजणी अंगात मुरते. गाण्यातल्या यमकांनी शब्दांतले सारखे आवाज कानाला ओळखीचे होतात, आणि पुढे अक्षरं शिकताना हाच कान कामी येतो.

महाराष्ट्राला हे नवं नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी माँटेसोरींची पद्धत इथल्या मातीत रुजवली. 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी काम उभं केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा ताराबाईंचा विचार. आजच्या अंगणवाडीचं नावही त्याच वाटेने आलं. लोकगीत आणि लोकनृत्य त्यांना फावल्या वेळेची करमणूक वाटली नाहीत. ते शिक्षणच होतं.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, अंगणवाड्या गावोगाव पोचल्या. पण सेविकेच्या वाट्याला आहार, वजन-उंची, लसीकरण, गृहभेटी आणि आता मोबाईलवरच्या नोंदी आल्या. गाण्याला उरतो तो खिचडी शिजेपर्यंतचा वेळ, तोही पुष्कळदा यूट्यूबवर. खासगी बालवाड्यांत दुसरं टोक. स्नेहसंमेलनासाठी महिनाभर सिनेमाच्या गाण्यावर एकच नाच घटवून घेतात, कर्णे लावतात, आणि रडणारं मूल विंगेतून पुढे ढकलतात. मोठी माणसं रंगलेली असतात. ते मूल काय शिकत असतं? मला याचा मनापासून राग येतो. 2022 च्या पायाभूत स्तरासाठीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात गाणी, नाच, खेळ यांना मानाचं स्थान आहे; प्रश्न सेविकेला रोज मोकळा अर्धा तास मिळण्याचा आहे.

तेवढा वेळ मिळाला, तर तेरच्या भजनी मंडळातल्या एखाद्या पखवाजवादकाने आठवड्यातून एकदा अंगणवाडीत बसावं. त्याला दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. भजनाची चढी पट्टी मुलांच्या गळ्याला पेलत नाही. मुलं आपणहून ज्या सुरात गुणगुणतात, तिथून सुरुवात करावी. आणि लहान मुलाचा स्वतःचा ठेका मोठ्या माणसापेक्षा जलद असतो. त्याला संथ लयीत बांधण्याआधी वादकाने त्याच्या पावलांकडे पाहावं, त्या वेगाने वाजवावं, आणि मूल रमलं की मग हळूहळू लय उतरवावी.