78 सेकंदांची पाळी

नकाशावर मुंबई आणि हैदराबाद यांना पट्टीने जोडा. ती रेघ सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्याच्या जवळून जाते. प्रत्यक्षातले विमानमार्ग थोडे इकडेतिकडे वळतात, तरी माढा-कुर्डुवाडीच्या आकाशात दिवसभर उंचावरून एकेक चकाकता ठिपका सरकत असतो. त्यातला एखादा मुंबईकडे निघालेला असेल, तर त्याच्यापुढे सरळ रेषेत सुमारे 300 किलोमीटर उरलेले असतात. म्हणजे अर्ध्या तासाचा प्रवास. वैमानिकाने अजून उंची सोडलेली नसते, ऊस आणि डाळिंबाच्या बागा त्याच्या दहा किलोमीटर खाली असतात. पण ते विमान मुंबईत कोणाच्या मागे आणि कोणाच्या पुढे उतरणार, याची जुळवाजुळव तोवर सुरू झालेली असते. त्या तासात मुंबईत उतरण्याचा हक्क तर त्याला काही महिने आधीच मिळालेला असतो. तो मिळाला नसता तर हैदराबादहून त्या वेळेला ते निघालेच नसते.

आकाश एवढे मोठे, मग गर्दी कशाची? गर्दी होते ती जमिनीवरच्या एका अरुंद डांबरी पट्टीवर. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आतबाहेर लांब आहे. तिच्यावरून तासाला 46 विमानांची ये-जा होऊ शकते, असे अनेक वर्षे धरले जात होते. 3600 सेकंदांना 46 ने भागा: 78 सेकंद. सहसा अर्धी विमाने उतरणारी, अर्धी उडणारी. उतरणारे विमान ताशी सुमारे 250 किलोमीटर वेगाने येते. उतरणाऱ्या दोन विमानांमध्ये साधारण दहा-अकरा किलोमीटरची फट ठेवली की त्या फटीत एक विमान उडवता येते. पहिले टेकते, धावते आणि तिरक्या वाटेने धावपट्टीबाहेर पडते. जवळच थांबलेले दुसरे लगेच पट्टीवर येऊन सुटते. त्याची चाके सुटतात तोवर तिसऱ्याचे दिवे आकाशात मोठे होत आलेले असतात. एखाद्या वैमानिकाने बाहेर पडायला पंधरा सेकंद जास्त घेतली, तरी तिसऱ्याला न उतरता पुन्हा वर जावे लागू शकते आणि मागची सगळी रांग हलते.

याच पट्टीवरून 11 नोव्हेंबर 2023 रोजी एका दिवसात 1,032 विमानांनी ये-जा केली. दिवसरात्र धरून सरासरी 84 सेकंदांना एक! माणसांनी माणसांशी बोलून, एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवून साधलेल्या कामगिऱ्यांमध्ये मी या आकड्याला फार वरची जागा देतो.

मुंबईला दुसरी धावपट्टी आहे, पण ती पहिलीला छेदून जाते. जुनी विमाने हलकी असत, आडवा वारा त्यांना झेपत नसे, म्हणून विमानतळांना दोन दिशांच्या धावपट्ट्या देण्याची पद्धत होती. छेदणाऱ्या पट्ट्यांवर एकाच वेळी मोकळेपणाने विमाने सोडता येत नाहीत. म्हणून 2023-24 मध्ये 5 कोटी 28 लाख प्रवाशांची ने-आण करणारे हे विमानतळ खऱ्या अर्थाने एका वेळी एकाच पट्टीवर चालते. लंडनच्या हीथ्रोला दोन समांतर पट्ट्या आहेत आणि दिवसाला साधारण 1,300 विमाने. यावरून मुंबईच्या एका पट्टीवरचा भार लक्षात यावा.

78 सेकंद हा आकडाही सरासरीचा. विमान उडते तेव्हा पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन आडवे भोवरे मागे सुटतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, मिनिट-दोन मिनिटे फिरत राहतात आणि मागून येणारे लहान विमान उलटवण्याइतकी ताकद त्यांच्यात असते. म्हणून मोठे, जड विमान उडाले की त्याच पट्टीवरून निघणाऱ्या मध्यम वजनाच्या विमानाला 2 मिनिटे थांबवतात. अजस्र ए-380 असेल तर 3 मिनिटे. पंख्याची लहान विमाने वेगळी अडचण आणतात: ती उतरताना सावकाश येतात, त्यामुळे मागच्या जेट विमानाला वेग कमी करावा लागतो किंवा फट वाढवावी लागते. सोलापूर, जळगाव, नाशिक, कोल्हापूर यांना जोडणारी बरीच विमाने याच लहान जातीची असतात. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

सेकंद मोजकेच, मागणारे पुष्कळ. मग ते वाटायचे कसे? माढ्याच्या शेतकऱ्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. भावकीच्या सामाईक विहिरीवर पाणी मापाने वाटत नाहीत, वेळेने वाटतात. आठवड्यातले अमुक तास तुझे, तमुक माझे. मोटार कोणाची किती अश्वशक्तीची, पिकाला पाणी किती लागते, हे ज्याचे त्याने पाहावे. विमान कंपन्यांचे ‘स्लॉट’ म्हणजे हुबेहूब अशीच पाळी. 19 आसनांचे विमान आणा की 180 आसनांचे, पाळी एकच खर्च होते. म्हणून ज्याच्याकडे मोठे विमान, त्याला त्याच पाळीत जास्त पीक.

वाटपाचे जागतिक नियम आहेत. वर्षाचे दोन हंगाम: उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. ज्या कंपनीने गेल्या हंगामात आपली पाळी किमान 80 टक्के वेळा वापरली, तिची ती पुढच्या वर्षी त्याच हंगामात कायम. कमी वापरली तर पाळी परत जाते आणि नव्याने वाटली जाते. जुन्याचा हक्क भक्कम, नव्याला शिरकाव अवघड. आणि जुना एखाद्या मार्गावर तोटा सोसूनही उडत राहतो, कारण एकदा पाळी गेली की परत मिळेलच असे नाही.

या पाळ्यांना केवढी किंमत येऊ शकते, हे हीथ्रोवर दिसते. तिथे वर्षाला 4 लाख 80 हजार उड्डाणांची मर्यादा आहे आणि कंपन्यांना पाळ्यांचे व्यवहार आपापसांत करता येतात. 2016 मध्ये ओमान एअरने तिथल्या एका जोडीसाठी, म्हणजे दिवसाला एकदा उतरणे आणि एकदा उडणे यासाठी, सुमारे साडेसात कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. एवढ्या पैशात विमान आले नाही, जमीन आली नाही. आली ती फक्त वेळ.

भारतात असा सौदा करता येत नाही, आणि ते बरोबर आहे असे मला वाटते. धावपट्टी लोकांची, तर तिची वेळही लोकांचीच. पण खरेदी-विक्री नसली तरी पाळी हातात येण्यासाठीची झुंज आपल्याकडेही तितकीच तीव्र असते. 17 एप्रिल 2019 च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईत उतरले आणि कंपनी थांबली. मुंबई हे जेटचे घर. तिच्या शेकडो पाळ्या रिकाम्या झाल्या आणि सरकारने त्या तात्पुरत्या म्हणून दुसऱ्या कंपन्यांना वाटल्या. पुढे 2021 मध्ये जेट पुन्हा उभी करण्याची योजना न्यायाधिकरणाने मान्य केली, पण जुन्या पाळ्यांवर कंपनीचा हक्क उरला नाही, असेही सांगितले. विमाने भाड्याने मिळतात, वैमानिक नव्याने नेमता येतात. सकाळी आठची मुंबई मात्र मिळत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेटच्या अवसायनाचा आदेश दिला. या शेवटामागे कर्जापासून बरीच कारणे होती. त्यांत हेही एक धरायला हवे.

आता सोलापूर. होटगी रस्त्यावरचे विमानतळ जुने आहे. किंगफिशरची मुंबईहून येणारी विमाने काही काळ तिथे उतरलीही; 2012 मध्ये ती कंपनीच बंद पडली. नंतरची वर्षे सोलापूरकरांच्या तोंडी एकच विषय होता: चिमणी. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे 90 मीटर उंच चिमणी धावपट्टीच्या जवळ उभी होती. विमान ज्या वाटेने उतरते तिच्याखाली एक कललेली रेषा धरतात आणि कोणताही अडथळा तिच्यावर डोके काढणारा नसावा, असा नियम आहे. मोठ्या धावपट्टीला या रेषेचा चढ साधारण पन्नासास एक धरतात. म्हणजे पन्नास मीटर लांब गेलात की एक मीटर उंचीची मुभा. त्या हिशेबाने 90 मीटरची चिमणी विमानाच्या वाटेवर हवी असेल तर धावपट्टीपासून साडेचार किलोमीटर दूर हवी. आंदोलने झाली, प्रकरण न्यायालयात गेले. कारखाना हजारो ऊस उत्पादकांचा, त्यामुळे दोन्ही बाजूंना आपापली माणसे होती. अखेर 15 जून 2023 रोजी चिमणी पाडली. तो दिवस काहींच्या घरी आनंदाचा होता, काहींच्या घरी नाही, आणि मला दोन्ही घरांचे म्हणणे समजते.

चिमणी पडली, 29 सप्टेंबर 2024 रोजी विमानतळाचे उद्घाटनही झाले. तरी विमान आले ते 9 जून 2025 ला, आणि तेही मुंबईचे नव्हे, गोव्याचे. फ्लाय 91 चे पंख्याचे एटीआर विमान मोपाहून आले. असे का, ते वरच्या हिशेबातून कळते. मोपाचे विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झालेले, नवे. तिथे पाळीची मारामार नाही. मुंबईत मात्र सोलापूरच्या सत्तर जणांसाठी जी पाळी द्यायची, तीच दिल्लीच्या दोनशे जणांना हवी असते. एप्रिल 2017 मध्ये लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेतल्या पहिल्या विमानांमध्ये नांदेड-हैदराबाद होते. जळगाव आणि नाशिकहून मुंबईला विमाने सुरू व्हायला मात्र त्याच वर्षीचा डिसेंबर उजाडला, आणि तीही 19 आसनी. राज्याच्या लहान शहरांना हैदराबाद गाठणे सोपे आणि आपलीच राजधानी अवघड, असे चित्र पुढे अनेक वर्षे राहिले. योजनेतून पैशांची तूट भरून निघते. मुंबईची मिनिटे त्यातून तयार होत नाहीत.

उलट ती थोडी घटलीच. 2024 च्या सुरुवातीला सरकारने मुंबईला गर्दीच्या तासात 46 ऐवजी 44 विमानांचीच मर्यादा घालून दिली, कारण विमाने आकाशात घिरट्या घालत होती आणि इंधन जळत होते. रांगच लावायची तर ती जमिनीवर बरी. दिल्लीत बसलेले एक नियंत्रण केंद्र आता देशभरचा हिशेब ठेवते आणि मुंबईत गर्दी दिसली की हैदराबादच्या विमानाला हैदराबादेतच थांबवते. आपण दार बंद झालेल्या विमानात बसून राहतो, बाहेर हवा स्वच्छ असते, आणि उशिराचे कारण मात्र सहाशे किलोमीटर दूर असते. त्यात पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक दिवस मुंबईच्या दोन्ही पट्ट्या काही तास बंद ठेवून डागडुजी करावी लागते. त्या दिवसाचे वेळापत्रक सहा-सहा महिने आधीपासून आखलेले असते.

तरीही सोलापूर-मुंबई झाले. 15 ऑक्टोबर 2025 रोजी स्टार एअरचे 76 आसनी एम्ब्रेअर जेट निघाले. राज्य सरकारने या मार्गाची तूट भरून देण्याची जबाबदारी घेतली. विमान जेट असल्याने मुंबईच्या रांगेत ते एटीआरपेक्षा सहज बसते. पण त्याची खरी स्पर्धा दुसऱ्या विमानाशी नाही. फेब्रुवारी 2023 पासून सोलापूर-मुंबई वंदे भारत कुर्डुवाडीला थांबते आणि सकाळी सातच्या सुमारास बसलेल्या माणसाला दुपारी मुंबईत सोडते. माढ्याहून सोलापूरच्या विमानतळावर जायचे म्हणजे आधी उलट दिशेला सत्तरेक किलोमीटर, मग तपासणी, मग तासाभराचे उड्डाण. विमान जिंकेल ते एकाच अटीवर: सकाळी लवकर नेऊन रात्री परत आणले तर. आणि मुंबईची सकाळ व संध्याकाळ हीच सगळ्यात दुर्मिळ मिनिटे.

म्हणून माढ्याच्या माणसानेही उलव्याकडे लक्ष ठेवावे. तिथली टेकडी कापून आणि नदी वळवून उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबरपासून विमाने सुरू झाली. पहिल्या टप्प्यात एक धावपट्टी, वर्षाला 2 कोटी प्रवासी. पुढे दोन समांतर पट्ट्या आणि 9 कोटी. इथल्या दोन पट्ट्या एकमेकींना छेदणार नाहीत. त्यांच्यात सुमारे दीड किलोमीटर अंतर असेल, आणि एक किलोमीटरहून थोडे जास्त अंतर असले की दोन्हींवर एकाच वेळी, एकमेकांची वाट न पाहता विमाने उतरवता येतात. दुसरी पट्टी झाली की क्षमता दुपटीच्या घरात जाते ती यामुळे. मुंबईच्या छेदणाऱ्या पट्ट्यांना जे कधीच जमले नाही, ते इथे जमेल. अर्थात आकाश दोघांचे एकच. पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत दोन विमानतळ, शेजारी जुहूची हेलिकॉप्टरे, पलीकडे हवाई दलाचे पुणे. एकाची उतरणारी रांग दुसऱ्याच्या उडणाऱ्या रांगेखालून न्यायची, हे काम नियंत्रकांना नव्याने बसवावे लागते आहे.

नव्या विहिरीवर पाळ्या नव्याने पडतात, आणि कोणाला किती मिळतात यावर पुढची अनेक वर्षे ठरतात. देशातल्या दर दहा प्रवाशांपैकी सहांहून अधिक जण इंडिगोने जातात. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांशी त्या कंपनीचे वेळापत्रक जुळले नाही आणि हजारो फेऱ्या रद्द झाल्या. सरकारने तिच्या फेऱ्यांत 10 टक्के कपात केली. पण एवढी माणसे उचलायला दुसऱ्या कोणाकडे तेवढी विमाने नव्हती. नवी मुंबईच्या सकाळच्या पाळ्या वाटताना हे विसरून चालणार नाही. त्यातल्या काही सोलापूर, नांदेड, जळगावसाठी आधीच बाजूला काढाव्यात आणि त्या लहान कंपन्यांकडे राहतील असे पाहावे. वाटप एकदा झाले की 80 टक्क्यांचा नियम लागू होतो, आणि मग जुन्याची पाळी सोडवून घेणे किती कठीण असते ते मुंबईने दाखवलेच आहे.