हौशी कुस्ती आणि लोकाश्रय

हौशी खेळाचा इतिहास केवळ विजयांच्या नोंदींवरून कळत नाही. त्याचा खर्च कोणी सोसला, हेही पाहावे लागते. सातारा-सांगली भागात कुस्तीस पूर्वी संस्थानिकांचा आश्रय असे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले, ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने. १९४९ मध्ये ते संस्थान विलीन झाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी मग ग्रामस्थांनी वर्गणी जमविली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. जाधवांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परतल्यावर कुस्त्या करून त्यांनी ते ऋण फेडले. राजाश्रयाची उणीव येथे प्रामुख्याने लोकाश्रयाने भरून काढली, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.