ईमेलचा पिनकोड : एमएक्स नोंद म्हणजे काय?



गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या शाळेतून पुण्याला गेलेल्या एका मुलाच्या वडिलांचा फोन आला. "सर, दाखल्यासाठी तीन ईमेल केले, तिन्ही परत आले. उद्या प्रवेशाची शेवटची तारीख आहे." आम्ही चक्रावलो. सकाळीच त्याच ईमेलवरून आम्ही एक पत्र पाठवलं होतं, ते व्यवस्थित पोहोचलं होतं. मग येणारी पत्रंच कुठं अडकत होती?

उत्तर एका छोट्या नोंदीत होतं. तिचं नाव एमएक्स, म्हणजे मेल एक्सचेंजर.

आधी आपला पिनकोड पाहू

शिरोळचा पिनकोड ४१६१०३. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तयार केली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती देशात लागू झाली. पुण्याच्या पोस्टाला तुमची गल्ली माहीत असायची गरज नसते. थैली कोणत्या पोस्टात पाठवायची, एवढं कळलं की पुरे. घर शोधायचं काम शिरोळच्या पोस्टमनचं.

ईमेलचंही तसंच

ईमेल पत्त्यात 'ॲट'च्या पुढे असतं ते डोमेन. पाठवणारा सर्व्हर आधी तेवढंच बघतो आणि डीएनएस या इंटरनेटच्या नोंदवहीला विचारतो, "या डोमेनचं टपाल कोण घेतं?" उत्तरात सर्व्हरचं नाव आणि एक आकडा मिळतो. त्या नावावरून आयपी पत्ता शोधून पत्र तिकडे जातं. 'ॲट'च्या आधीचं नाव बघून योग्य पेटीत टाकायचं काम तिथला सर्व्हर करतो.

आकडा म्हणजे पसंतीचा क्रम. १० आणि २० असे दोन सर्व्हर असतील, तर आधी १० कडे जायचं. लहान आकडा, पहिला मान. तो बंद असेल तरच २० कडे. समजा, कृष्णेला पूर आला आणि शिरोळच्या पोस्टापर्यंत जाता येईना, तर थैली जयसिंगपूरला उतरवून ठेवावी, तसंच हे. दोन्ही बंद असले, तरी पाठवणारा सर्व्हर सहसा काही दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतो.

आमचं चुकलं कुठं?

आम्ही वेबसाइट नव्या ठिकाणी हलवली. नव्या नोंदवहीत वेबसाइटचा पत्ता लिहिला, पण एमएक्स नोंद राहून गेली. एमएक्स नसेल, तर पत्र डोमेनच्या साध्या पत्त्यावर, म्हणजे वेबसाइटच्या सर्व्हरकडे जातं. तो टपाल घेतच नव्हता, म्हणून पत्रं परत! पत्र पाठवायला आपली एमएक्स नोंद लागत नाही, म्हणून आम्हाला पत्ताच लागला नाही.

मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी दाखल्याची प्रत व्हॉट्सॲपवर पाठवली आणि मुलाचा प्रवेश झाला. नोंद भरल्यावर काही तासांत ईमेलही येऊ लागले.

एवढं लक्षात ठेवा

१. वेबसाइट हलवण्याआधी सगळ्या डीएनएस नोंदी कागदावर उतरवून घ्या.
२. एमएक्समध्ये सर्व्हरचं नाव लिहा, आयपीचे आकडे नकोत.
३. बदल केल्यावर बाहेरच्या ईमेलवरून शाळेला एक पत्र पाठवून बघा. नुसतं पाठवता येतंय, यावर विसंबू नका.

आजच आपल्या शाळेला एक ईमेल पाठवून बघा. पोहोचला का?