नंबरप्लेटवरची वजाबाकी

सुट्टीत चुडाव्याच्या पोरांना कोडं घालायला पुस्तक कशाला? ‘एमएच २२’ पाटीची गाडी गाठा, शेवटचे चार आकडे उतरवून घ्या. चारही सारखे मात्र नकोत. त्यांची सगळ्यांत मोठी संख्या मांडा, त्यातून सगळ्यांत लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. समजा १९०५ : ९५१० − ०१५९ = ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४च! कुठलीही पाटी घ्या, सातव्या वजाबाकीपर्यंत इथे यावंच लागतं. पुढचं शून्य गाळू नका, पोरं तिथेच फसतात. दुसरी-तिसरीच्या मुलांना तीनच आकडे द्या. त्यांचा मुक्काम ४९५.

हा शोध देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा, १९४९चा. (१९०५ हे त्यांचं जन्मसाल.) १९७५मध्ये मार्टिन गार्डनरांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं, तेव्हा कुठे जगाला हे मास्तर कळले. १२१, १२३२१ अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ म्हटलं, तेही एका रेल्वे स्टेशनावरून. चुडाव्यालाही स्टेशन आहेच! ११ × ११ आणि १११ × १११ करून दाखवा. ११११ × ११११चं उत्तर मुलांना गुणाकार न करता सांगू द्या.