खर्च तोच, खिसा वेगळा

इंग्लंडमध्ये २०१७ पर्यंत नर्सिंगची पदवी घेताना घरच्यांना शुल्काची चिंता नसे. शुल्क सरकार परस्पर विद्यापीठाला भरत असे. शिवाय वर्षाला १,००० पौंड सरसकट मिळत आणि घरची मिळकत बघून आणखी काही. लंडनमध्ये राहून शिकणाऱ्यांसाठी ही जादा रक्कम ३,१९१ पौंडांपर्यंत जाई. त्यात चैन होत नसे, पण डोक्यावर मोठं कर्जही चढत नसे.

नोव्हेंबर २०१५ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी हे विद्यावेतन बंद करण्याची घोषणा केली. नर्सिंग, मिडवाइफरी, फिजिओथेरपी, रेडिओग्राफी या सगळ्या अभ्यासक्रमांच्या नव्या विद्यार्थ्यांनी इतरांसारखंच शैक्षणिक कर्ज काढावं, असं ठरलं. सरकारचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता. शुल्क सरकार भरतं म्हणून जागा मोजक्या राहतात आणि निम्म्याहून जास्त अर्जदारांना परत पाठवावं लागतं. कर्ज आलं की मर्यादा उठेल आणि १०,००० जागा वाढतील.

जानेवारी २०१६ मध्ये विद्यार्थ्यांनी लंडनमध्ये मोर्चा काढला. तो निघाला सेंट थॉमस रुग्णालयापासून. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची नर्सिंगची शाळा १८६० मध्ये सुरू झाली ती याच रुग्णालयात, आणि तिथल्या शिकाऊ मुलींना राहण्याजेवणाबरोबर थोडा हातखर्चही मिळे. मोर्च्याने निर्णय बदलला नाही. ऑगस्ट २०१७ पासून नवा नियम लागू झाला. वर्षाला ९,२५० पौंड, म्हणजे तीन वर्षांचं नुसतं शुल्क २७,७५० पौंड; राहण्याखाण्याचं कर्ज वेगळं.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. जानेवारी २०१७ च्या मुदतीपर्यंत इंग्लंडमधले नर्सिंगचे अर्जदार आदल्या वर्षापेक्षा २३ टक्क्यांनी घटले. पुढच्या जानेवारीपर्यंत दोन वर्षांतली घट एक तृतीयांशावर गेली. अर्जदार जागांपेक्षा मुळातच जास्त असल्याने प्रवेश त्या प्रमाणात कोसळले नाहीत, हेही खरं. पण गळले कोण, हे बघायला हवं. सर्वांत मोठी घट पंचविशीच्या पुढच्या अर्जदारांत होती. मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा शिकायला येणाऱ्या बायका, वृद्धाश्रमात काळजीवाहक म्हणून वर्षं काढलेली माणसं. मानसिक आरोग्य आणि बौद्धिक अक्षमतेच्या नर्सिंगकडे अशीच माणसं जास्त वळत. त्यामुळे सगळ्यात जास्त झळ त्या शाखांना बसली.

‘इतर विद्यार्थ्यांसारखंच’ हा हिशेब मुळातच चुकीचा होता. इतिहास शिकणारी मुलगी संध्याकाळी कॅफेत काम करू शकते. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला नोंदणीसाठी २,३०० तास प्रत्यक्ष वॉर्डात काढावे लागतात, रात्रपाळ्या आणि शनिवार-रविवार धरून. बारा तासांची पाळी संपवून ती दुसऱ्या कामाला कधी जाणार? त्यात आणखी एक पेच. कामावर असलेल्या पालकांना मुलांच्या पाळणाघरासाठी आठवड्याला ३० तास सरकारी मदत मिळू लागली, तीही २०१७ मध्येच. पण वॉर्डातली पाळी ‘काम’ म्हणून धरली जात नाही, म्हणून नर्सिंग शिकणारी आई त्यातून बाहेर.

मग पैसा आणायचा कुठून? त्यानंतरच्या वर्षांत तिथल्या विद्यार्थ्यांनी ठिगळं जोडून गोधडी शिवावी तशी जुळवाजुळव केली. आधीची पदवी असलेल्यांना सहसा दुसऱ्या पदवीसाठी कर्ज मिळत नाही. आरोग्यसेवेच्या अभ्यासक्रमांना त्यातून सूट दिली गेली. मुलं असणाऱ्यांना सुरुवातीला वर्षाला १,००० पौंड आणि फारच अडचणीत असणाऱ्यांना ३,००० पौंडांपर्यंतचा आपत्कालीन निधी मिळे. वॉर्डात जाण्यायेण्याचा खर्चही मिळे, पण आधी स्वतः भरायचा, तिकिटं जपायची, अर्ज करायचा. आणि घर ते विद्यापीठ या रोजच्या प्रवासाहून जेवढा जास्त, तेवढाच परत. महिनाअखेरीला ज्याच्या खात्यात वीस पौंड उरलेत, त्याला हे ‘नंतर मिळेल’ परवडत नाही. शिकाऊ नोकरीतून पदवीचा मार्गही निघाला: पगार रुग्णालयाचा, कर्ज शून्य. पण शिकाऊ नर्स वर्गात असताना तिच्या जागी उभ्या करायच्या माणसाचा पगार रुग्णालयाने स्वतःच सोसायचा. त्यामुळे अशा जागा मागणीच्या मानाने थोड्याच निघाल्या.

शेजारच्यांनी वेगळी वाट धरली. स्कॉटलंडने शुल्क भरणं चालू ठेवलं आणि विद्यावेतन ६,५७८ पौंडांवरून २०२० पर्यंत १०,००० वर नेलं. वेल्सनेही विद्यावेतन राखलं. अट एवढीच की नंतर दोन वर्षं वेल्समध्ये काम करायचं.

डिसेंबर २०१९ मध्ये इंग्लंडला अर्धं पाऊल मागे घ्यावं लागलं. सप्टेंबर २०२० पासून वर्षाला ५,००० पौंड, परतफेडीशिवाय. ज्या शाखांत माणसं मिळत नाहीत तिथे आणि मुलं असणाऱ्यांना आणखी. शुल्काचं कर्ज मात्र राहिलं, आणि मागचा काळ भरून दिला नाही. २०१७ ची पहिली तुकडी नेमकी तोवर बाहेर पडली होती. तिच्या वाट्याला नुसतं कर्ज आलं. २०२० च्या वसंतात कोविडने वॉर्ड भरले, तेव्हा शेवटच्या टप्प्यातल्या विद्यार्थ्यांना रीतसर पगार देऊन कामावर घेतलं गेलं. म्हणजे गरज पडली की ते तास ‘काम’ ठरत होते.

दरम्यान रिकाम्या जागांवर बाहेरच्या नर्स आल्या, आणि त्यांत भारतातल्या मोठ्या संख्येने. ऑगस्ट २०२० मध्ये आरोग्यसेवेसाठी स्वस्त आणि जलद व्हिसाही सुरू झाला. या मुलींच्या शिक्षणाचा खर्च केरळमधल्या किंवा आपल्याकडच्या एखाद्या बापाने फी भरून, बँकेचे हप्ते फेडून आधीच उचललेला असतो. इंग्लंडच्या खजिन्याने वाचवलेला पैसा असा आधी तिथल्या विद्यार्थिनीच्या माथी गेला आणि मग इथल्या कुटुंबाच्या.

नर्स तयार करायला लागणारा पैसा कुणी तरी भरतोच. म्हणूनच विद्यावेतनाच्या प्रत्येक वादात पहिला प्रश्न वॉर्डातल्या त्या तासांचा विचारावा. ते तास रुग्णालयाच्या कामी येत असतील, तर त्यांचा मोबदला दान म्हणून मोजायचं कारण नाही.